पुढच्याने खाली, मागच्याने वर

जाहिरात तिच्या हाती लागली तेव्हा अर्धी कापून झाली होती. आई शिवणकाम करायची, आणि नव्या गिऱ्हाइकाच्या कापडाला कात्री लावण्याआधी जुन्या वर्तमानपत्रावर बेतून बघायची तिची पद्धत. त्या दिवशी कुणाच्या तरी शर्टाची बाही बेतून झाल्यावर लेकीने जमिनीवरचा तुकडा उचलला, तर त्यावर ठळक अक्षरांत ‘वनरक्षक भरती’. उंची, वय, शिक्षण, सगळं शाबूत होतं. अर्जाची शेवटची तारीख मात्र बाहीच्या गोलाईत गेली होती.

आता तारीख कळल्याशिवाय झोप कशी लागणार? ती उठली आणि थेट जंगलखात्याच्या ऑफिसात गेली. तिथे एक काटकुळे गृहस्थ पायरीवर बसून बुटांना तेल लावत होते. त्यांना सगळे काका म्हणत. साहेबसुद्धा म्हणत, कारण साहेब येत आणि बदलून जात, काका तिथेच असत.

“शेवटची तारीख उद्या,” काका म्हणाले. “बुटाचा नंबर काय तुझा?”

“पाच. पण पगार किती असतो?”

“आधी बूट. इथे पगार कमी पडला तर माणूस कसाबसा निभावतो. बूट कमी पडला तर दुसऱ्या दिवशी घरी बसतो.”

हा माणूस पगाराचं बोलणं टाळतोय, म्हणजे पगार काय असणार हे तिने ओळखलं. तरी तिने अर्ज भरला. धावण्याच्या परीक्षेत ती मधोमध आली, पण चार तासांत सोळा किलोमीटर चालायचं होतं त्यात पहिली. आईच्या गिऱ्हाइकांचे कपडे लहानपणापासून घरोघर पोचवले होते तिने, चालायचं तिला काय कौतुक!

नोकरीवर जाताना आईची कापडी मोजपट्टी तिने खिशात टाकली आणि पहिल्याच आठवड्यात हरणाचा ठसा त्या पट्टीनेच मोजला. ऑफिसातली स्टीलची पट्टी केव्हाच मोडली होती आणि नवी मागवल्याचा कागद वर्षभर कुठेतरी फिरत होता. तेव्हापासून सगळे तिलाच मोजपट्टी म्हणू लागले. तीही त्या नावाला ओ देऊ लागली.

पगार मात्र खरंच बेताचा होता. त्यात जोखीम भत्ता म्हणून एक वेगळी रक्कम असायची. तेवढ्यात महिन्याचा साबण आला असता, तोही चांगल्यातला नव्हे.

“काज-बटणं करून मीही एवढे मिळवते,” आई म्हणायची, “आणि माझ्या अंगावर रानडुक्कर धावून येत नाही.”

मोजपट्टीला मग एक हरिणी आठवायची. जंगलात तारेच्या फासात तिची मान अडकली होती, मोजपट्टीने आणि काकांनी तिला सोडवलं, तेव्हा ती पळालीच नाही. दहा पावलांवर उभी राहिली, सगळं अंग झटकलं आणि मग चालत गेली. हे आईला सांगायला गेलं तर आई म्हणणार, बरं झालं, पण त्याचे जास्तीचे मिळाले का? आईचंही बरोबर होतं. नवऱ्यामागे दोन मुली एका मशीनवर मोठ्या केलेल्या बाईने पगार विचारायचा नाही तर कुणी विचारायचा?

गस्तीला दोघं जात, काका पुढे आणि ती मागे. पहिल्या दिवशी काकांनी एकच नियम शिकवला. पुढच्याने खाली बघायचं, मागच्याने वर. पुढच्याची नजर जमिनीवर. फास, सापळे, ठसे हे त्याचं काम. मागच्याची नजर झाडांवर, दोन्ही बाजूंना, माणसांवर. चोरून शिकार करणारे सापळा पानांखाली पुरतात, पण परत आल्यावर तो त्यांनाच सापडायला हवा, म्हणून छातीच्या उंचीवर एखादी फांदी पिळून ठेवतात. ती पिळलेली फांदी मागच्याने हेरायची आणि पुढच्याला हाक द्यायची. दोघांनीही खाली बघायचं नाही आणि दोघांनीही वर बघायचं नाही. नियम एवढाच होता आणि तीन वर्षं त्याने दोघांना धडधाकट ठेवलं होतं.

मग तो मंगळवार आला. सकाळचे दहा वाजले होते, ऊन छान पडलं होतं. ओढ्याच्या काठाने जाताना ओल्या मातीत मोजपट्टीला एक ठसा दिसला. पाच बोटं आणि मधे पातळ पडद्याची खूण. पाणमांजर! त्या ओढ्यात पाणमांजर राहिलंच नाही असं सगळे धरून चालले होते. मागच्याने खाली बघायचं नसतं हे ती साफ विसरली. गुडघ्यावर बसली, मोजपट्टी काढली, ठशावर आडवी धरली.

तेवढ्यात पुढून खटकन आवाज आला आणि पाठोपाठ काकांची किंकाळी.

लोखंडी सापळा होता, दातेरी जबड्यांचा. काकांचा डावा पाय घोट्याच्या वर त्यात धरला गेला होता. आणि त्यांच्या खांद्याशेजारी, छातीच्या उंचीवर, एक फांदी पिळलेली होती. ताजी. तिची साल अजून हिरवी होती. आंधळ्यालाही दिसावी अशी ती फांदी, बघणारी मात्र मागे चिखलात बसलेली.

सापळ्याच्या दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगांवर ती बुटांनी उभी राहिली. वजन पुरेना. मग डोक्यावरच्या जाड फांदीला हात रेटून तिने सगळा भार खाली दाबला, जबडे बोटभर उघडले आणि काकांनी दोन्ही हातांनी आपला पाय ओढून काढला. वायरलेस त्या खोलगट भागात लागत नव्हता. तिने काकांना पाठीवर घेतलं. काका काटकुळे होते हे त्या दिवशी तिच्या फार कामी आलं. तरी चढावर पाच वेळा थांबावं लागलं, आणि दर वेळी काका म्हणायचे, “अगं, मला इथेच ठेव आणि जीप घेऊन ये.” ती पुन्हा चालू लागायची. उत्तराला लागणारा दम तिच्याकडे नव्हता. टेकडीवर पोचल्यावर वायरलेस लागला आणि जीप आली.

हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. पाय वाचला, पण लंगडणं राहणार असं डॉक्टर म्हणाले.

चार दिवस मोजपट्टी घरातच बसून होती. आईने मात्र वेळ दवडला नाही. थोरल्या लेकीच्या नवऱ्याशी बोलून तिने नोकरीच ठरवून टाकली. भाऊजींच्या ओळखीच्या शीतगृहात सुपरवायझरची जागा होती. पगार दुप्पट, बसायला खुर्ची, आणि जनावर म्हणाल तर फारफार तर उंदीर. सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता.

“उद्या सरकारने तुझी मोडकी तंगडी मला आणून दिली तर ती मी कुठे शिवू?” आई म्हणाली.

मोजपट्टीने राजीनामा लिहिला. पगारासाठी नाही, भीतीनेही नाही. आपल्यापुढे चालायला कुणी विश्वासाने तयार होऊ नये असं तिला मनापासून वाटत होतं. साहेबांकडे देण्याआधी काकांना दाखवावा म्हणून ती शनिवारी दुपारी दवाखान्यात गेली.

काकांचा पाय वजनाला टांगलेला होता. तिला बघताच ते म्हणाले, “किती भरला?”

“काय?”

“ठसा गं. एवढा सगळा गोंधळ ज्याच्यापायी झाला तो.”

“साडेसहा सेंटिमीटर.”

“मग पाणमांजरच,” काका खुशीत म्हणाले, जणू पाय त्यांचा नाही, शेजारच्या खाटेवरच्या माणसाचाच मोडलाय. “मोठं दिसतंय.”

तिने राजीनामा पुढे केला. काकांनी तो हात लांब धरून वाचला, दोनदा वाचला.

“अक्षर चांगलं आहे. माझ्यामुळे काकांचा पाय मोडला, असं लिहिलंयस. तू मागे बसलीस हे मला कसं कळलं, सांग बरं.”

हा प्रश्न तिला सुचलाच नव्हता.

“मी वळून बघितलं म्हणून कळलं,” काका म्हणाले. “तीन वर्षं झाली, वीस पावलं झाली की मी मागे वळून बघतो. तू आहेस ना, बघतेस ना, दमली तर नाहीस ना. पुढच्याने खाली बघायचं हा नियम तुला शिकवला मी आणि रोज मोडला मीच. सापळ्यात पाय पडला तेव्हा माझी मान मागे होती, पोरी.”

“पण फांदी मला दिसायला हवी होती.”

“हवी होती. आणि सापळा मला दिसायला हवा होता. चूक दोघांची आहे. तू सगळीच उचलून चाललीस, माझ्या वाट्याला काही ठेवशील की नाही?”

तिला हसू आलं, आणि हसता हसताच रडू आलं. चार दिवसांत पहिल्यांदा. पलीकडच्या खाटेवरच्या माणसाने सभ्यपणे भिंतीकडे तोंड केलं.

थोड्या वेळाने तिने नाक पुसलं आणि आईचा प्रश्न काकांपुढे ठेवला. “काका, एवढ्या सगळ्याला तो पगार पुरतो का हो?”

“नाही पुरत,” काका लगेच म्हणाले. “धोक्याला कुठलाच पगार पुरत नाही. पगार घर चालवायला. धोक्यासाठी आपल्याकडे सोबतचा माणूस असतो, बाकी काही नसतं. तो बरा मिळाला तर ही नोकरी परवडते, नाहीतर दुप्पट पगारातही परवडत नाही. मला चौतीस वर्षांत असे तीन जण मिळाले. तिसरी तू. आता तो कागद फाड, नाहीतर राहू दे, तुझी मर्जी. पण त्यातलं माझं नाव खोड.”

तिने कागद फाडला नाही. घडी करून खिशात ठेवला. आईला काय सांगायचं हा प्रश्न होताच.

रविवारी सकाळी आई पदर खोचून घराबाहेर पडली. कुठे चाललीस विचारलं तर म्हणाली, “त्या तुझ्या काकांना चार शब्द सुनवायला.” आईचे चार शब्द चाराला कधीच थांबत नसत.

आई दुपारी परतली. चपला काढून मशीनपुढे बसली, पण पाय काही हलवेना.

“मी भांडायला गेले होते,” ती शेवटी म्हणाली.

“मग?”

“भांडायला समोरच्यानेही भांडावं लागतं. ते आधीच म्हणाले, चूक माझी, मी मागे वळून बघत होतो.” आईने गिऱ्हाइकाचं कापड हातात घेतलं, त्यालाच डोळे पुसणार होती, पण वेळीच भान येऊन पदराला पुसले. “तीन वर्षं मी इथे बसून जीव टांगणीला लावते, की माझी पोर तिथे एकटी. आणि तो माणूस वीस पावलांना एकदा वळून बघतोय, पोरगी नीट आहे ना म्हणून. घरात मी तरी इतकं बघते का तुझ्याकडे? पाय गेला त्याचा त्यात.”

मोजपट्टी आईच्या शेजारी जमिनीवर बसली आणि तिच्या गुडघ्याला डोकं टेकलं. आपण किती भाग्यवान आहोत हे तिला त्या क्षणी इतकं स्वच्छ कळलं, की सोमवारचा होकार, खुर्ची, दुप्पट पगार, सगळं आपोआपच बाजूला झालं.

“भाऊजींना मी कळवते,” आई म्हणाली. “तू कळवशील तर ते तुलाच शहाणपण शिकवत बसतील. मला शिकवायची त्यांची छाती नाही. आणि त्यांची वर्दीची पँट घेऊन ये.”

“भाऊजींची?”

“काकांची, वेडे! प्लास्टरवरून ती चढणार आहे का? डाव्या पायाची शिवण उसवून हुक लावून देते.” आणि तिने तशी लावून दिली, इतकी बेमालूम की साहेबांना ती खात्याची नवी तऱ्हा वाटली.

काका तीन महिन्यांनी कामावर आले ते फाटकावरच्या खुर्चीत बसायला. लंगडा माणूस गस्तीला पाठवायचा नाही असा साहेबांचा हुकूम होता आणि तो योग्यच होता. मोजपट्टी आता एका नव्या गार्डसोबत जात होती, तीच पुढे. तिने सापळा लावणाऱ्यांपैकी दोघांना पकडूनही दिलं. पण निवृत्तीला आठ दिवस उरले तेव्हा काकांनी साहेबांकडे एकच मागणी केली, ओढ्यापर्यंत एकदा जाऊ द्या. साहेब नवे होते, तरी नाही म्हणाले नाहीत.

दोघं सकाळी निघाली. पायवाट सुरू झाली तिथे मोजपट्टी सवयीने पुढे झाली. काका काठी टेकून जागच्या जागी उभे राहिले.

“मागे,” ते म्हणाले.

“काका, तुमचा पाय...”

“पायाचं मी बघतो. खालचं सगळं मी बघतो. तू मागे.”

ती मागे आली. काका पुढे झाले, पान न् पान काठीने चाचपत, मान खाली घालून. वीस पावलं झाली. काका वळले नाहीत. चाळीस झाली. साठ. चढ आला, ती मुद्दाम जरा मागे रेंगाळली, तिच्या बुटांचा आवाज थांबला. पुढची मान जमिनीवरून हलली नाही. ओढा येईपर्यंत काकांनी एकदाही वळून बघितलं नाही.

तिला समोरचं सगळं ओलसर, पुसट दिसत होतं. पण डावीकडची झाडं बघायची होती, उजवीकडची बघायची होती, छातीच्या उंचीवरची एकेक फांदी बघायची होती. डोळे पुसायला तिने हात वर केला नाही, तेवढा वेळ नजर झाकली गेली असती.