रोझरीनंतरचा आशीर्वाद

रविवारी सकाळी दादरच्या चर्चमध्ये, धर्मशिक्षणाच्या वर्गात, मीच मुलांना ठासून सांगितलं होतं, ‘तुमचं शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे. कुणी जवळ ओढलेलं आवडलं नाही, तर सरळ नको म्हणायचं.’ माझी लेक पहिल्याच बाकावर होती.

संध्याकाळी घरी पाहुण्यांसोबत रोझरीची प्रार्थना झाली आणि रीतीप्रमाणे लेक मोठ्यांचा आशीर्वाद घेऊ लागली. नवऱ्याच्या मामांनी तिला मांडीवर ओढून पापा मागितला. ती म्हणाली, ‘नको.’

माझं मेलीचं लक्ष पाहुण्यांच्या तोंडाकडे! मी डोळे वटारले, ‘आशीर्वाद घेताना नको म्हणतात? दे गुपचूप.’

तिने दिला. मग फ्रॉकला ओठ पुसत माझ्याकडे आली. एरवी मम्मी म्हणणाऱ्या पोरीने विचारलं, ‘टीचर, माझं उत्तर चुकलं का?’