नाल्याकाठचा मूग

दादा गेल्याची बातमी मोताळ्याहून आलेल्या बसच्या कंडक्टरने आणली. मी अंगणात होते. "तुमचे भाऊ, ते शेतीशाळेचे मास्तर... तापानं गेले हो," एवढंच तो बोलला. ओसरीवर बसलेल्या माझ्या सासऱ्यांनी, मामाजींनी, मान खाली घातली. भादव्यापासून ते दादाशी बोलले नव्हते.

नांदुऱ्याजवळचं आमचं शेत नाल्याला लागून आहे. वर पितळी भांडी धुण्याचा कारखाना निघाला आणि त्याच्या आंबट पाण्याबरोबर तांब्याचा अंश शेतात मुरला. ज्वारी वीतभर वाढून पिवळी पडायची. दादा रविवारी यायचा आणि उन्हात नाल्याकाठी बसायचा. तिथे रानमूग मात्र हिरवागार होता. "याच्या मुळांवरच्या गाठींतले जंतू या मातीत जगायला शिकलेत. तेच आपल्या मुगाला देऊन पाहू." गाठी चेचून, गुळाच्या पाण्यात कालवून त्याने ते बियाण्याला चोळलं. पहिल्या वर्षी सगळं जळालं. दुसऱ्या वर्षी मूग गुडघ्याएवढा झाला. मामाजींनी अख्खं गाव बोलावून दाखवला.

शेंगा घरात आल्या आणि दादाने चुलीवरचं भांडं उतरवलं. "मामाजी, हे खाऊ नका. दाण्यात तांबं किती उतरलं ते तपासल्याशिवाय नको."

"मंग पिकवलं कशाले?"

"जमीन जिवंत व्हावी म्हणून..."

मामाजींनी टोपली उचलली, शेताच्या धुऱ्यावर नेऊन रिकामी केली. "सोयऱ्यानं भरल्या घरात उपाशी ठेवलं आमाले," म्हणाले. दादा पाणीही न पिता गेला. मूठभर दाणे त्याने तपासणीला पाठवले होते. उत्तर अजून आलेलं नाही. त्याला मी पुन्हा पाहिलं नाही.

यंदा मामाजींनी कुणालाही न सांगता तसंच बी चोळून पेरलं. दादाला सवय होती, रोप उपटून मुळाची गाठ नखाने फोडायची. आत गुलाबी दिसली की जंतू काम करताहेत. आता मामाजी रोज सकाळी तेच करतात आणि फोडलेली गाठ माझ्यापुढे धरतात. "पाय बरं पोरी, गुलाबी हाय का? मले दिसत नाही."

गाठ कधी गुलाबी असते, कधी नुसती मातकट...

मी रोज 'हाव, गुलाबी हाय' म्हणते.