डाव्या बाजूची चार बोटं

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय. खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. पिंपळ, पांढरी साडी, हायवेवर लिफ्ट मागणारी बाई... वाचायचं, सुन्याला पाठवायचं आणि दोघांनी हसायचं. सुन्या म्हणजे आमच्याच चाळीतला माझा मित्र. आणि लिफ्टवरून आठवलं, मी लिफ्टचा मेकॅनिक आहे. परळच्या टॉवरमधल्या लिफ्ट सांभाळतो. आमच्या धंद्यात एकच देव — वजन. माणूस आत शिरला की केबिनला कळतं, जास्त शिरले की बेल वाजते. ज्याला वजन नाही तो नाहीच, एवढ्या साध्या हिशोबावर मी आजवर जगत आलो. त्यामुळे पुढचं लिहिताना मलाच ओशाळल्यासारखं होतंय. हसायचं असेल तर हसा, मीही हसलो असतो.

आम्ही लालबागचे. चाळीत तळमजल्याला खोली, समोर पाण्याच्या टाकीखाली थोडी मोकळी जागा. बाबा गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर होते, गिरणी गेल्यावर कॉटन ग्रीनला एका गोदामावर वॉचमन. मूळ गाव मालवणकडे. गणपतीला गावी गेलो नाही असं तोवर एकही वर्ष नव्हतं. पण आमचं घर आहे डोंगराच्या अंगाला. डांबरी रस्ता देवळापाशी संपतो, पुढे जांभ्या दगडाची चढण आणि मध्ये एक व्हाळ, म्हणजे ओढा. साधी गाडी तिथे चढत नाही.

बाबांचं खुब्याचं हाड मोडलं आणि हातात वॉकर आला. त्या वर्षी वाडीतल्या पोरांनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि खांद्यावरून वर नेलं. पोरं खुशीत होती, "मोरया" ओरडत होती. बाबा मात्र खुर्चीचे हात घट्ट धरून मान खाली घालून बसले होते. मुंबईला परत आल्यावर त्यांनी जाहीर केलं, "माका परत मड्यासारख्या खांद्यार घेवक नको. माझ्या दारात मी गाडयेतसून उतरतलंय, माझ्या पायार. नायतर येवचंय नाय."

आमच्या घरात बाबा एकदा नाही म्हणाले की विषय संपला. मग मी शिवडीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडून जुनी फोर बाय फोर जीप घेतली. गोदामातला माल ओढून ओढून तिची पार वाट लागली होती. कापडी टप फाटलेला, तळाला गंज, आणि चालताना असा आवाज की कोणी भांडी घासतंय. चाळीत चेष्टेला ऊत आला. सुन्या म्हणाला, "फोर बाय फोर? कुठे चढवणार रे, चिवडा गल्लीत?" पण दुसऱ्या दिवशी तोच जुना बनियन घालून गंज घासायला हजर.

वर्षभर प्रत्येक रविवारी सकाळी आम्ही टाकीखाली. तळ घासून रंग मारला, गिअरबॉक्सचं ऑइल बदललं, खडबडीत मोठे टायर चढवले, नवीन टप शिवून घेतला. आणि बाबा आमचे सुपरवायझर. वॉकर घेऊन खोलीतून निघायचे, मी त्यांना ड्रायव्हरच्या शेजारच्या, डाव्या सीटवर बसवायचो. चढायला त्रास पडू नये म्हणून तिथे एक दांडी वेल्ड केली होती. ती धरून ते दुपारपर्यंत बसायचे. पान्यांची पेटी मांडीवर. मी खालून हात पुढे केला की पाना हातात पडायचा, न मागता, आणि तोच पडायचा जो हवा असायचा. आईने जुन्या गोधडीची गादी शिवून सीटवर घातली होती. "म्हाताऱ्याक सिंव्हासन केलास," असं म्हणायची आणि चहा आणून द्यायची.

सगळ्यात जास्त डोकं घातलं ते पाट्यांत. जीपला खाली लोखंडी पट्ट्यांच्या कमानी असतात, त्याच गाडीचं वजन झेलतात. मालाच्या गाडीचे पाटे कडक, बाबांच्या पाठीचा भुगा झाला असता. शिवडीच्या पाटेवाल्याकडून नवे पाटे बसवले आणि एकेक पट्टी कमी करून ते नरम केले. गाडी किती बसते ते बघायची त्याची पद्धत साधी होती. टायर आणि वरचं मडगार्ड यांच्या फटीत बोटं घालायची. गाडी रिकामी असली की डाव्या बाजूला चार बोटं जायची. बाबा बसले की तीन.

"बाबा, तुमचं वजन एक बोट."

"आता एक बोट," ते म्हणाले. "गिरणीत होतंय तेव्हा दोन बोटां होता."

मग तो आमचा खेळच झाला. ते बसले की मी बोटं घालायचो, उतरले की परत घालायचो. तीन... चार. तीन... चार. दुपारी उतरायची वेळ झाली की मी दार उघडून म्हणायचो, "बाबा, उठा आता." ते दांडी धरून उठायचे आणि गाडी हलकेच वर यायची.

गणपतीला थोडे दिवस उरले होते. रविवारच. फक्त ब्रेकचं काम बाकी होतं आणि ब्रेक ऑइल संपलं. मी म्हणालो, "बाबा, बसा, मी ऑइल घेऊन आलोच." दुकान कोपऱ्यावर. परत आलो तर बाबा बसलेलेच होते. हात दांडीवर, पेटी मांडीवर, डोकं खिडकीच्या बाजूला कललेलं. मला वाटलं डोळा लागला. हाक मारली, हात लावला...

डॉक्टर म्हणाले, हार्ट. झोपेत गेले, कळलंही नसेल. आम्ही चौघांनी त्यांना गाडीतून उचलून खोलीत नेलं. दांडीवरची बोटं मी सोडवली. संध्याकाळी खांद्यावरून नेलं. आयुष्यात ज्या एका गोष्टीला ते नको म्हणाले होते, ती एकाच दिवसात दोनदा झाली. हे मला अजून गिळता येत नाही.

सुतकात गणपती कसला! त्या वर्षी गावचं घर बंदच राहिलं. सगळे दिवस झाल्यावर मी जीप विकायची ठरवली. मला तिच्याकडे बघवत नव्हतं, आणि आता ती जाणार तरी कोणासाठी होती?

माटुंग्याचा एक जण बघायला आला. भोवती चक्कर मारली, लांब उभा राहून तिरकं बघितलं आणि म्हणाला, "लेफ्टला बसलीय हो गाडी. पाटा गेलाय." मला राग आला. नवा पाटा, जाईल कसा? त्याला दाखवायला म्हणून मी फटीत बोटं घातली.

तीन.

उजवीकडे घातली तर चार. परत डावीकडे तीन. गाडी रिकामी होती. मांडीवरची पेटीसुद्धा त्याच दिवशी काढून घरात ठेवली होती. त्या माणसाला काय सांगून वाटेला लावलं ते आठवत नाही.

पण मी मेकॅनिक माणूस, लगेच कसं मानणार? ब्रेकचं राहिलेलं काम आधी पुरं केलं. मग टायरची हवा तपासली, जमीन उतरती आहे का ते बघितलं, गाडी फिरवून उलटी लावली. डावीकडे तीनच. शेवटी शिवडीला पाटेवाल्याकडे नेली. तो फळीवर आडवा होऊन खाली शिरला, टॉर्च मारून बघितलं आणि खालूनच ओरडला, "पाटा एकदम ओके आहे भाई. जो बसलाय त्याला उतरव ना आधी, मग मोज."

"कोणी नाही बसलंय," मी म्हणालो.

तो बाहेर आला. सीटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग त्याने डावा पाटा उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावला. पाट्यात खोट असती तर आता गाडी उजवीकडे बसायला हवी होती. नाही बसली. डावीकडे तीन, उजवीकडे चार. जवळच ट्रक मोजायचा वजनकाटा होता, तिथेही नेली. वजन कागदावर जेवढं होतं तेवढंच, एका माणसाचंही जास्त नाही. म्हणजे काटा म्हणत होता कोणी नाही, आणि पाटा म्हणत होता आहे. पाटेवाल्याने मजुरी घेतली नाही. "घरी कोणी मोठं माणूस असेल तर विचार," एवढंच म्हणाला.

घरी मोठं माणूस म्हणजे आई. तिला सांगायचं नाही असंच ठरवलं होतं. नवरा जाऊन महिना-दीड महिना झालेली बाई, तिच्या डोक्यात हे कशाला घालायचं? पण सुन्याच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ. आई उठली, चपला घालून टाकीखाली आली. त्या गोधडीच्या गादीवर हात फिरवला. मला वाटलं रडेल. ती रडली नाही. उलट माझ्यावरच उखडली.

"गणपती बसवतांव तर उठवतांव पण ना? उत्तरपूजा करून, हातार दही घालून, 'उठा म्हाराजा' म्हणून मूर्ती जाग्यावरसून हलवतांव, मगच हात लावतांव. हेंका आमी नुसता उचलून न्हेला. उठा म्हणान कोण बोल्लाच नाय."

दर रविवारी मीच म्हणायचो, उठा आता. त्या दिवशी शेवटचं म्हणालो होतो ते "बसा". आणि बाबा शब्दाला पक्के.

"मग आत्ता म्हणतो," मी म्हणालो.

"हयसर नको!" आईने माझा हात धरला. "तेंनी काय सांगितल्यानी हुता? माझ्या दारात उतरतलंय. मगे थंयच उठवया."

दसऱ्याच्या सुट्टीत निघालो. मी, आई आणि सुन्या. पुढची डावी सीट रिकामी असताना आई मागच्या बाकड्यावर बसली. मी म्हटलं, पाठ मोडेल तुझी. "ती तेंची जागा," ती म्हणाली. सुन्या एरवी गप्प बसत नाही, पण अख्ख्या रस्त्यात त्याने एक जोक मारला नाही. चहाला थांबलो तेव्हा सवयीने त्याने चार ग्लास सांगितले आणि सांगून झाल्यावर मान फिरवली. चौथा ग्लास आईने सीटच्या पुढ्यात ठेवला. तो थंड झाला, तसाच ओतून टाकला.

देवळापाशी डांबर संपलं. फोर बाय फोर टाकलं आणि ज्या चढणीसाठी वर्षभर खपलो ती चढण जीप अशी चढली की बस! व्हाळात पाणी होतं, तेही कापलं. एका धोंड्यावर डावं चाक चढलं आणि मी सवयीने ओरडलो, "बाबा, दांडी धरा!" मागे आई हुंदका देऊन रडायला लागली. मीही रडत होतो. पुढचा रस्ता कसा दिसला ते देव जाणे.

भर दुपारी घरासमोरच्या खळ्यात म्हणजे अंगणात, अगदी पायरीला लागून गाडी उभी केली. आईने कुलूप काढलं, दार सताड उघडलं. लालबागहून स्टीलच्या डब्यात विरजून आणलेलं दही घेतलं, डावं दार उघडलं आणि गादीवर, जिथे बाबांचा हात असायचा तिथे, चमचाभर ठेवलं. मी टायरपाशी उकिडवा बसलो आणि फटीत बोटं घातली. तीन. वर लोखंड, खाली रबर, बोटं गच्च.

"अवो," आई म्हणाली. चाळीत बाबांना उठवताना म्हणायची अगदी तशीच. "घर इला. उठा आता."

काही झालं नाही. रानात कुठेतरी पाखरू ओरडत होतं. मला स्वतःचीच कीव आली. शिकलासवरलेला माणूस मी, इथे काय करतोय...

आणि पाटा कुरकुरला. सावकाश. खुब्याचं हाड मोडलेला माणूस जितका वेळ लावतो तितका वेळ लावून. माझ्या बोटांवरचा दाब सुटला, मडगार्ड वर गेलं आणि करंगळी आपोआप आत सरकली. चार.

मी वर बघितलं. आई गाडीच्या दारातून बाजूला झाली होती, घराकडे बघत होती. हळू चालणाऱ्या माणसाला आपण वाट देतो ना, तशी. तिची नजर पायरीवरून दाराकडे पावलापावलाने सरकत गेली, आणि मग ती एकदम म्हणाली, "उंबरो आसा... सांभाळून."

सुन्या खळ्याच्या कडेला हात जोडून उभा होता. त्या दिवसानंतर त्याने मला भुताखेतावरचा एकही मेसेज पाठवलेला नाही.

मला यातलं काहीही समजावून सांगता येत नाही. पाटा आतून अडकला असेल, दगडधोंड्यांच्या हादऱ्याने मोकळा झाला असेल — हे मी स्वतःला खूपदा सांगून बघितलंय. पण पाटे तर अदलाबदल केले होते. आणि गाडी खळ्यात उभी राहीपर्यंत तीनच होती, मी स्वतः मोजली. तुमच्यापैकी कोणी गाड्यांतलं जाणकार असेल तर जरूर लिहा. कारण सापडलं तर मला हवंच आहे. निदान असं वाटतं तरी.

जीप विकली नाही. अजून टाकीखालीच असते, मी अजून रविवारी तिचं ऑइलपाणी बघतो. काम संपलं की डावीकडच्या फटीत बोटं घालतो. तीन भरली होती तेव्हा घाबरलो होतो. आता दर वेळी चार भरतात, तरी मी परत एकदा घालून बघतो, तीन भरतात का.