आगटीचा जाळ
ज्वारीचा हुरडा भाजल्याचा वास आला की मला हसनाबादचं आमचं शेत आठवतं. माझी बारावीची परीक्षा तोंडावर होती, तरी आईनं मला आगटीपाशी आणून बसवलं होतं. खड्ड्यात गोवऱ्यांचे निखारे फुलले होते आणि वर राखेचा पातळ थर होता. कणसं त्या धगीवर हळू भाजायची, जाळ लागू द्यायचा नाही, हे मला लहानपणापासून येत होतं. बाजेवर परगावचे पाहुणे बसले होते, आणि त्यांतला म्हातारा सारखा माझ्या हातांकडं बघत होता. मी आईकडं पाहिलं. ती हळूच म्हणाली, “तुला बघायलाच आल्यात ते. नीट भाज.” चहूकडं घरचीच माणसं बसलेली, उठून जाणार कुठं? मग मी राख बाजूला सारली आणि सुपानं वारा घातला. जाळ उठला, कणसं काळी पडली. तीच चोळून मी पाहुण्यांपुढं ठेवली. म्हाताऱ्यानं कडू दाणे शांतपणे चावले आणि वडिलांना म्हणाला, “विस्तव जरा जास्त झाला. काही हरकत न्हाई, शिकंल आमच्याकडं. पोरगी पसंत हे.” उन्हाळा लागायच्या आत लग्न झालं आणि परीक्षा राहिली ती राहिलीच. त्या दिवशी मला आणखी काय करता आलं असतं, ते अजून सुचलेलं नाही.