फलकावरची अस्मिता

परदेशी विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षेचा क्लास आहे, त्याच्या दारात एक गृहस्थ उभे होते. त्यांची मुलगी मागून त्यांची दुमडलेली कॉलर सारखी करत होती. परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यांचे फोटो तिथल्या फलकावर लावतात. ते एकेक चेहरा निरखत होते. खालच्या ओळीत माझी अस्मिता आहे. उन्हाने तिच्या ओढणीचा लाल रंग पार उडालाय.

"तुमचं कोणी होतं का इथे?" मला फलकापाशी थांबलेली पाहून त्यांनी विचारलं.

"ही माझी मुलगी."

"मग क्लास कसा आहे, ताई?"

आम्ही मायलेकीही अशाच हिंडलो होतो. मागच्या बाकावर बसून डेमो लेक्चरं ऐकली, शिकवणारे पारखले, सगळ्यांत चांगला क्लास निवडला. क्लास जितका चांगला, तितकी मुलगी लांब जाणार, हे तेव्हा मनातच आलं नाही. आता ती फोनवर भेटते, आणि दरवेळी तिला कुठेतरी पोचायचं असतं.

"चांगला आहे," मी म्हटलं. "फार चांगला."

समाधानाने ते मुलीला घेऊन आत गेले. मी पिशवी सावरली. मंडई माझ्या घराच्या दुसऱ्या बाजूला आहे. तरी भाजीला मी याच रस्त्याने जाते.