आत्याबाईंनी मागितलेलं वावर

माझ्या सासूबाईंना वाचता येत नव्हतं आणि मला येत होतं. एवढ्या एका गोष्टीवर आमचं दोघींचं चांगलं जमलं. मी मिशनच्या शाळेत शिकलेली. सासरचं घर ख्रिस्ती झालं ते माझ्या लग्नाच्या थोडंच आधी, त्यामुळं सासूबाईंचा विश्वास नव्या माठासारखा होता, चहूकडून पाझरणारा. सकाळी चूल पेटली की त्या पाटावर बसत आणि म्हणत, "वाच गं, आज काय दिलंय देवानं?"

घोटाळा शब्दानं केला. आमच्या शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, ओळीला आम्ही वचन म्हणतो आणि दिलेल्या शब्दालाही वचनच. आत्याबाईंनी (मी त्यांना असंच म्हणे) दोन्ही एकच धरलं. मी वाचीन ते देवानं त्यांना दिलेलं वचन, आणि देव काही शब्द फिरवणाऱ्यातला नव्हे.

एकदा मी त्या विधवेची गोष्ट वाचली, दुष्काळात जिच्या मडक्यातलं पीठ सरलं नाही आणि तेल आटलं नाही. आत्याबाईंनी मला मध्येच अडवलं.

"कोण हुती म्हणालीस?"

"विधवा."

"मग मीच की!"

तेव्हापासून आमच्या दारातून कुणी रिकाम्या हातानं गेलं नाही. शेजारणी, भिकारी, वाट चुकलेला गाडीवान, सगळ्यांना पीठ, सगळ्यांना तेल. मी तेलाच्या बुधल्यात डोकवायला गेले तर ओरडल्या, "आत बगू नगंस. बगितलं की आटतं." न बघताही आटलं. संध्याकाळी शेजारच्या पिंजाऱ्याची बायको आमचा कोरडा तवा बघून वाटीभर तेल घेऊन आली. आत्याबाईंनी ती वाटी मला दाखवली आणि म्हणाल्या, "बग. आटलं का?"

मी तवा पुन्हा चुलीवर ठेवला.

आम्ही मिशनच्या आवारात एका खोलीत राहत होतो. माझे यजमान तिथल्याच शाळेत मास्तर. आत्याबाईंना स्वतःचं घर हवं होतं, परसात चार कोंबड्या हव्या होत्या. अशात एका सकाळी, इस्राएल लोकांना नव्या देशात नेणाऱ्या यहोशवाचं पान निघालं. तुझं पाऊल जिथं जिथं पडेल ती जागा मी तुला दिली आहे, अशा अर्थाचं. आत्याबाई पाटावरून उठल्याच.

"चल."

"कुठं?"

"पाऊल टाकायला."

कसबा बावड्याच्या वाटेवर एक वावर त्यांच्या डोळ्यांत कधीचं भरलं होतं. कडेला विहीर, बांधावर बाभळी. तिथं पोचल्यावर त्यांनी चपला काढल्या. मी म्हटलं, सराटे आहेत. त्या म्हणाल्या, "चपलंचा पाय पडला तर जागा चपलंची हुईल." आणि बांधावरून अनवाणी चालायला लागल्या. दर दहा पावलांना "आई गं" आणि लगेच "देवा, तुझी स्तुती". मागनं मी, दोन्ही हातांत त्यांची एकेक चप्पल धरून.

मालकानं आम्हाला पाहिलं. उंच, पांढऱ्या मिशांचा शेतकरी. बांध अर्धा फिरून झाला तसा तो आला.

"काय पावणं, काय हरवलंय काय?"

आत्याबाई खोटं बोलत नसत. पण खरं सांगायचीही ती वेळ नव्हती.

"अजून गावलं न्हाय," त्या म्हणाल्या.

त्यानं हळहळून मान हलवली आणि विळा खाली ठेवून आमच्याबरोबर खाली बघत चालायला लागला. दुसऱ्या दिवशी त्याची बायकोही आली. तिला वाटलं नाकातली फुली पडली असणार, म्हणून ती चाळण घेऊन आली आणि बांधाची माती चाळायला बसली. मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत्याबाई मात्र पुढं चालतच होत्या, कारण तिकडचा कोपरा राहिला होता.

तिसऱ्या दिवशी त्या बाईनं आमच्यासाठी भाकरी आणि खरडा आणला. विहिरीपाशी बसवलं. "आदी खावा. मग हुडकू," ती म्हणाली.

आत्याबाईंनी एक घास तोंडात घातला आणि भाकरी खाली ठेवली. खरडा तिखट होता, पण डोळ्यांत पाणी आलं ते त्यानं नव्हे.

"काय बी हरवल्यालं न्हाय," त्या म्हणाल्या. "ह्ये वावर देवानं मला दिलंय. तसं वचन हाय."

शेतकऱ्यानं डोक्याचा पटका सारखा केला. "मला कुणी बोललं न्हाय त्ये," तो म्हणाला. "कुणाला दिलं हुतं वचन?"

"यहोशवाला."

"त्यो कोण तुमचा?"

"तसा कोण न्हवं."

"बरं. आन त्येला जमीन दिली, तवा तितं आदी कोण ऱ्हात हुतं?"

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. "हुतं का गं कोण?"

"होते," मी म्हटलं.

"त्यांचं काय झालं?" शेतकऱ्यानं विचारलं.

मी भाकरीचा तुकडा मोडत बसले. आत्याबाई म्हणाल्या, "सांग की. वाचलंयस न्हवं?" मग मी सांगितलं, जेवढं कमी शब्दांत सांगता येईल तेवढं: तलवारीनं मारले, बायकापोरांसकट.

त्या बाईचा भाकरी वाढणारा हात तसाच थांबला. "म्हंजे... आमी?"

"न्हाय बाई, न्हाय! तुमी न्हाय!" आत्याबाईंनी दोन्ही हात कानांना लावले. "देवा, ह्यांस्नी काय बी करू नगंस!"

शेतकरी हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला, बायकोनं पाठीत दोन बुक्क्या मारल्या तेव्हा थांबला.

"मावशी, जागा पायजे तर तोंडानं मागायची. पायानं काय मागताय?"

"मागितली तर देशीला?"

"न्हाय. इकायचीच न्हाय मला. पर मागा तरी!"

घरी आल्यावर मी त्यांच्या तळव्यांतले काटे सुईनं काढत बसले. शेवटचा काटा निघाला तसं त्या म्हणाल्या, "तू मला मधलंच वाचून दावतीस. आता म्होरचं बी वाचायचं आन मागचं बी." तेव्हापासून आमचं वाचन फार लांबलं आणि भाकऱ्या करपायला लागल्या. कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय, आजूबाजूला कोण उभं आहे, सगळं त्या विचारत. कधी म्हणत, "ह्ये माझं न्हवं. फुडं चल." कधी मात्र एखाद्या ओळीवर थांबत आणि हलक्या आवाजात म्हणत, "ह्ये माझं असंल काय गं?" मला ते आधीच्या ठामपणापेक्षा जास्त विश्वासाचं वाटे. वाचता येऊनही असं विचारावं हे मला कधी सुचलं नव्हतं.

पुढं प्लेग आला. गाव मोकळं झालं, लोक माळावर खोपट्या घालून राहिले. त्या शेतकऱ्यानं आम्हाला विहिरीकडचा कोपरा दिला. आत्याबाईंनी तोंडानं मागितला होता. रोज संध्याकाळी त्या खोपटीच्या दारात गुडघे टेकून मोठ्यानं प्रार्थना करत की हे वावर ह्याच माणसांकडं राहू दे. पलीकडनं शेतकरी ओरडे, "मावशी, जोंधळ्याचं बी बगा की जरा!" मग त्या जोंधळ्यासाठीही मागत.

साथ सरल्यावर आम्हाला शाहूपुरीत दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या, एका गुळाच्या वखारीच्या मागं. स्वतःचं घर नाही, कोंबड्यांना जागा नाही, आणि भिंतीतून दिवसरात्र मुंग्यांची रांग. पहिल्याच सकाळी आत्याबाई पाटावर बसल्या, पदरावरच्या दोन मुंग्या झटकल्या आणि म्हणाल्या, "वाच."

नेमकं निघालं ते आळशी माणसाला सांगितलेलं, की मुंगीकडं जा आणि शिक.

"मागचं-म्होरचं वाचू का?" मी विचारलं.

"नगं," त्या म्हणाल्या. "ह्ये माझंच हाय. पर आपून कशाला जायाचं तिच्याकडं? तीच आलीया की." आणि त्यांनी पिठाचा डबा उचलून पाण्याच्या परातीत ठेवला.