माळेतला माझा वाटा

घरासमोरच्या क्रूसापाशी टांगा उभा होता आणि आय माझा हात सोडत नव्हती. बाबांनी ट्रंक चढवली, टांगेवाल्याने लगाम हातात घेतला, तरी ती माझ्या सदऱ्याचे वरचे बटण पुन्हा पुन्हा लावत राहिली. वसईतल्या आमच्या आळीतला मी पहिला पदवीधर. बंगलोरला एका सरकारी कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. केळीच्या वाडीत आयुष्य काढलेल्या बाबांना बंगलोर किती लांब, हे नीटसे ठाऊक नव्हते. आयने त्या अंतरावर आपला उपाय काढून ठेवला होता.

"साताला आम्ही रोझरीला बसतो. तू पण बस. तुझं दशक मी कुणाला देणार नाय."

रोझरीच्या माळेत दहा-दहा मण्यांचे पाच भाग असतात, त्यांना आम्ही दशक म्हणतो. एकाने पुढे म्हणायचे, बाकीच्यांनी उत्तर द्यायचे. आमच्या घरी पहिले दशक आयचे, दुसरे बाबांचे, तिसरे थोरला भाऊ बस्त्यावचे, चौथे धाकटी बहीण रोझीचे आणि पाचवे माझे.

"मग पाचव्याला आम्ही काय करायचं?" रोझीने विचारले.

"गप्प बसायचं. तेवढ्यात हा तिकडून म्हणेल."

"आणि हा झोपला असला तर?"

"तर देवमाता त्याचा कान धरील. तू तुझं दशक नीट म्हण."

बंगलोरचा पहिला रविवार मला अजून आठवतो. बाहेर भाषा कळत नव्हती, जेवणात आंबट सार, खोलीवर ओळखीचे कुणी नाही. पण तेव्हा चर्चमधली मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, लॅटिनमध्ये असे. डोळे मिटले की वेदीवरून तेच शब्द, तोच धूप, तीच घंटा. मी वसईच्या बाकावर बसलेला असे. डोळे उघडायची घाई मी कधी केली नाही.

संध्याकाळी सातला खोलीत एकटा माळ धरायचो. सहा-सात महिने नेम चुकला नाही. मग इथल्या फादरांनी बोलावले. राजाजीनगरात तेव्हा नवी घरे उठत होती. बांधकामावर राबणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांची मुले संध्याकाळी मोकळीच हिंडत. त्यांना एका पत्र्याच्या शेडमध्ये धर्मशिक्षण आणि थोडे लिहिणे-वाचणे शिकवायचे होते. वेळ सातची. मला गावच्या फादरांनी पाटीपासून बी.एस्सी.पर्यंत पोचवले होते, मी नाही कसे म्हणणार?

प्रार्थना कन्नडमध्ये होत्या; मी पुढे म्हणायचे, मुलांनी उत्तर द्यायचे. मी आदल्या दिवशी पाठ करून जाई आणि तरी चुके. पुढच्या रांगेतली मुलगी तोंडावर हात धरून म्हणे, "सरी इल्ला, सार," म्हणजे बरोबर नाही. मग तीच मला शिकवी. त्या दिवसांत मी आनंदात होतो, हे कबूल करतो. पण खोलीवर परतेपर्यंत इतका दमलेला असे की माळ खिशातच राही. घरच्या पत्रात मात्र लिहीत असे, 'रोझरी चालू आहे.' तिकडे चार माणसे रोज माझ्यासाठी गप्प बसत होती आणि त्या शांततेत माझे दशक कुणीच म्हणत नव्हते.

दोन वर्षांनी नाताळच्या रजेवर घरी गेलो. सातला सगळे बसले. रोझीचे दशक संपले आणि सवयीने सगळे गप्प झाले. आय डोळे मिटून एकेक मणी पुढे सरकवू लागली. मला तिथे बसवेना. बस्त्यावने कोपर मारले, "अरे, आज तू इथंच आहेस ना? म्हण की."

मी सुरू केले. तिसऱ्या मण्यापर्यंत मराठी होते. चौथ्याला तोंडातून कन्नड आले, थांबता येईना. रोझी हसू दाबत उठून आत पळाली. बाबा म्हणाले, "ही कुठली प्रार्थना?"

मग सगळे सांगितले. शेड, मुले, सातची वेळ, पत्रातले खोटे. आयने माळ मांडीवर ठेवली.

"किती पोरं?"

"बावीस."

"सगळी उत्तर देतात?"

"ओरडून देतात."

"मग खोटं कुठं लिहिलंस? एकटा म्हणतोस असं वाटून मला वाईट वाटायचं." माळ पुन्हा हातात घेत ती म्हणाली, "कन्नडमध्येच पुरं कर. अर्धवट सोडू नको."

पुढे रोमने लॅटिनची सक्ती काढली, मिस्सा इथे कन्नडमध्ये झाली आणि वसईला मराठीत. आयने रोझीकडून पत्र लिहवून घेतले की आता सगळे समजते. मला आनंद झाला. पण डोळे मिटून वसईला जायची ती वाट मात्र बंद झाली.

आय गेली त्याला दोन वर्षे झाली. माझी पत्नी मंगळूरची, तिची प्रार्थना कोकणीत. मुलगी तीन भाषांत गोंधळ घालते. शेजारच्या अक्कांनी एकदा तिला विचारले, तुमची प्रार्थना सुरू झाली की लगेच स्वल्प वेळ आवाज बंद का होतो? ती म्हणाली, "ते आज्जीचं दशक आहे. ती म्हणतेय."

रोझीचे पत्र आले. तिकडे पाचव्याला अजून गप्प बसतात. वाडीचा अर्धा भाग विकला, विहिरीवरचा रहाट गेला. बस्त्याव, रोझी, आणि माझ्यासारखे गावापासून दूर गेलेले, हे वाचणारे तुम्ही सगळे, ऐका: घर कुठे असे मला कुणी विचारले तर मी आता वाडी सांगत नाही. जिथे माझा वाटा अजून कुणाला दिलेला नाही, ते माझे घर.